न मावलेलं आडनाव

वेबसाइटसाठी सकाळपासून नावं लिहून खोडत होतो. शेवटी 'निनादच्या नोंदी' ठरलं. 'निनाद गाढवे' लिहिलं की हजेरीच्या वेळचं वर्गाचं हसू अजून ऐकू येतं. लोकांना सापडावं म्हणून वेबसाइट करायची आणि तिच्यासाठी लपायला सोयीचं नाव शोधायचं!

चहा घेऊन आलेल्या बाबांनी चष्मा सारखा करत स्क्रीन वाचला.

"आपलं आडनाव मावलं नाही का रे?"

"नाही मावलं."

त्यांना लगेच पटलं. "होतं असं. आपल्या दारावरच्या पाटीच्या वेळीही पेंटर म्हणाला, दोन नावं बसत नाहीत. म्हटलं, माझं वगळ, पोराचं आडनावासकट घाल."

पाटी दाराच्या बाहेरच्या बाजूला आहे. तरी चहा संपेपर्यंत मला दाराकडे बघवलं नाही.