येळवशीचा उंडा

मार्गशीर्षातल्या अमावास्येच्या सकाळी बालाघाटाच्या उतारावर जे ऊन पडते, त्यात उबेपेक्षा गंधच अधिक असतो. हरभऱ्याच्या पानांवर रात्रीतून उतरलेली आंब, ते आंबट दव, नुकत्याच निसवलेल्या ज्वारीचा हिरवा, दुधाळ वास, आणि या साऱ्यांवरून तरंगत येणारा मडक्यातल्या आंबिलीचा लसूण-जिऱ्याचा आंबूस दरवळ. धारूरच्या अलीकडे आमची गाडी कच्च्या वाटेला लागली, मी उतरून बांधावर पाय ठेवला आणि तो वास दोन येळवशींच्या खंडानंतर छातीत भरून घेतला, तेव्हा माझे डोळे पाणावले. भुकेने पाणावले की भीतीने, हे मला अजूनही सांगता येत नाही. चार दिवसांपूर्वीच माझ्या पोटातला पट्टा घट्ट केलेला होता आणि समोर अक्काचे शेत होते.

वेळ अमावास्येला आमच्याकडे येळवस म्हणतात. त्या दिवशी गाव ओस पडते आणि शिवार नांदते. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे लहानशी खोपटी, उभारायची, तिच्यात चुन्याने रंगवलेले दगड पांडव म्हणून मांडायचे, आंबील शिंपडत शेताला फेरी घालायची आणि मग ताडपत्रीवर पंगत बसवायची. ओला हरभरा, तुरीचे दाणे, वाल, चिंच आणि हाताला येईल ती पालेभाजी घालून शिजवलेली घट्ट भज्जी, आणि तिच्यासोबत वाफवलेले बाजरीचे गोळे, म्हणजे उंडे. बांधावरून जाणाऱ्या अनोळखी वाटसरूलाही कोणी उपाशी जाऊ देत नाही. आणि बोलावूनही जो जेवत नाही, त्याने नाते तोडले असे सगळे शिवार समजते.

मी ते तोडले होते. तेही तोंडाने बोलून, चार माणसांत.

अक्का माझी थोरली बहीण. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आई मी तीन वर्षांचा असताना गेली, त्यामुळे आई म्हटले की मला अक्काचाच हात आठवतो, दुधात भाकरी कुस्करणारा. वडील गेल्यावर वारसाची नोंद करायची वेळ आली. आमच्याकडे अशा वेळी बहिणी हक्क सोडल्याच्या कागदावर मुकाट्याने सही करतात, भाऊ त्यांना साडी नेसवतो आणि विषय मिटतो. अक्काने सही केली नाही. विधवा होऊन ती कधीच माहेरच्या गावी परतली होती, विहिरीजवळचे चार एकर वर्षानुवर्षे तीच कसत होती. तेवढे ती मागत होती. कॉलेजात मुलांसमोर समतेवर तासतासभर बोलणारा मी, तहसीलच्या व्हरांड्यात उभा राहून तिला म्हणालो, की तुझ्या शेतातल्या अन्नाला मी यापुढे शिवणार नाही. तिने पदराने तोंड पुसले आणि बसथांब्याकडे चालू लागली. त्यानंतरच्या दोन येळवशी मी बीडच्या घरात दार लावून काढल्या.

त्या दोन वर्षांत माझे शरीर मात्र माझ्यावर रुसले. मी मुळातच खाण्यात रमणारा माणूस. लग्नाच्या पंगतीत वाढायला मी उभा राहिलो की लोक ताटावर आडवे हात धरायचे, इतका माझा आग्रह दांडगा. तोच आग्रह मी स्वतःलाही करीत आलो होतो. वजन सव्वाशेच्या पुढे गेले, साखर हाताबाहेर गेली, जिना चढताना मध्येच उभे राहावे लागू लागले. शेवटी संभाजीनगरच्या एका डॉक्टरांनी पोटाच्या वरच्या तोंडाशी सिलिकॉनचा पट्टा बसवला. कातडीखाली बटणाएवढी एक डबी असते. तिच्यात सुईने सलाईनचे पाणी भरले की पट्टा आवळतो, आणि अन्नाची वाट अरुंद होते. पहिले काही महिने बरे गेले. मग वजन अडून बसले आणि डॉक्टर म्हणाले, थोडे घट्ट करू. घट्ट करायला पाच मिनिटेही लागली नाहीत. उठताना त्यांनी बजावले, आठवडाभर पातळच घ्या, मग मऊ, आणि घास चिमणीचा.

त्या पाच मिनिटांनंतर माझे जग बदलले, असे म्हटले तर हसू येईल, पण बदलले खरे. वरणाचे पाणीसुद्धा थांबून थांबून उतरू लागले. एक घोट जास्त झाला की छातीच्या मध्यभागी कोणी मूठ आवळून धरावी तसे होई, तोंडात लाळ भरून येई, आणि मग फेस. शैला, माझी बायको, समोर बसून जेवायची तेव्हा मी पेपर उघडून धरायचो. तिला वाईट वाटू नये म्हणून नव्हे, मला बघवत नसे म्हणून. भूक मेलेली नव्हती, ती फक्त अडवलेली होती. ज्या देहाला मी पन्नास वर्षे माझा समजत होतो, त्याच्या दारावर आता दुसऱ्याचा पहारा होता, आणि मला आत-बाहेर काहीच ठरवता येत नव्हते. याची मला लाज वाटे. म्हणून शैलाखेरीज कोणाला खरे सांगितले नाही. गावाकडे पित्ताच्या खड्यांचे ऑपरेशन म्हणून कळवले.

आणि नेमका तेव्हाच अक्काचा फोन आला. दोन वर्षांनी. तिने एवढेच विचारले, "बापू, येळवशीला येतूस का?" मी येतो म्हणालो. नाही कसे म्हणणार होतो? येळवशीच्या दिवशी डॉक्टरांचा आठवडा भरायला अजून तीन दिवस उरणार होते, पण अक्काचा फोन काही डॉक्टरांना विचारून येत नाही.

शेतात तिने आम्हाला पाहिले आणि कोपीतून वाकून बाहेर आली. हात पिठाचे होते. जवळ आली, माझ्याकडे खालीवर पाहिले आणि म्हणाली, "लई वाळलास रं. कावून असा झालास?" मी हसलो. जुन्या रागाचा, कागदाचा, व्हरांड्याचा एक शब्द तिने काढला नाही. तिला काढायचाच नव्हता. तिने ताट वाढले, त्यातच सगळे होते. भज्जीवर तेलाची धार, कडेला उंडा, फोडून दिलेला कांदा, तिळाची पोळी. माझ्यापुढे ताट ठेवून ती उभी राहिली. शेजारच्या शेतातली चार माणसेही त्या ताटाकडे बघत होती, कारण व्हरांड्यातले माझे बोलणे गावभर झालेले होते.

शैलाने डोळ्यांनी नको म्हटले. मी आंबिलीवर भागवू शकलो असतो. पण आंबील तर कोणीही पितो, पाहुणाही आणि वाटसरूही. उंडा मोडून खाणारा माणूस घरचा. मी उंड्याचा बोराएवढा तुकडा मोडला, भज्जीत बुडवला आणि तोंडात घातला.

चव काय सांगू! दोन वर्षांचा सारा कडवटपणा त्या एका घासात विरघळला असे वाटले. मी खूप चावला. डॉक्टरांचे शब्द आठवून चावला. गिळला. अक्काच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी सैल होत गेले, आणि ते बघून मी मूर्खासारखा दुसरा तुकडा मोडला, पहिल्याहून मोठा.

तो अडकला. छातीत आधी कळ, मग मूठ, मग श्वास घेतानाही टोचणारे ते ओझे. मी बोलायचा प्रयत्न केला आणि तोंड लाळेने भरले. उठलो, बांध ओलांडला आणि ज्वारीत शिरलो. डोक्याइतक्या उंच धाटांच्या आडोशाला वाकून मी फेस थुंकत राहिलो, आणि पानांची धार गालाला कापत राहिली. घास काही वर येईना, खाली जाईना. इतका असहाय मी आईच्या तिरडीमागेही नसेन, तेव्हा निदान काही कळत नव्हते.

मागे पाने सळसळली. शैला असेल असे वाटले. पण ती अक्का होती. तिने जमिनीवर पडलेला फेस आणि बाजरीचे कण पाहिले, माझ्या तोंडाकडे पाहिले, आणि फार हळू आवाजात म्हणाली, "अजून राग हाय व्हय रं तुझ्या पोटात? खायाचं नव्हतं तर तसं सांगायचं. थुकतूस कशापायी?"

मला बोलता येत नव्हते. मी नुसती मान हलवत राहिलो. मग तिचा हात धरला आणि सदऱ्याखालून पोटाच्या डाव्या बाजूला, त्या डबीवर ठेवला. ती दचकली. थोड्या वेळाने, तुटक तुटक, लाळ पुसत मी तिला सगळे सांगितले. खडे नव्हते, पट्टा आहे. चार दिवसांपूर्वी आवळला आहे. खाणे जात नाही. खोटे बोललो.

ती बराच वेळ त्या बटणावर बोट ठेवून उभी होती. मग म्हणाली, "म्हंजी तू भूक बांधून घेतलीस?" रागाने नव्हे, अगदी खरोखर विचारावे तसे.

शैलाने डॉक्टरांना फोन लावला. आता काही खाऊ नका, काही पिऊ नका, अडकलेले आपोआप सुटेल, ते म्हणाले. संध्याकाळी पातळ काहीतरी घोटभर घेऊन बघा. उतरले तर ठीक, नाहीतर सकाळी या, सैल करू. सैल केले तर पुन्हा ती भूक, ती साखर आणि तो जिना. नाही केले तर हे. मी कोपीला पाठ टेकून दुपारभर बसून राहिलो. समोर माणसे येत होती, जेवत होती, ढेकर देत उठत होती. अक्का सगळ्यांना वाढत होती. मला तिने पुन्हा एकदाही आग्रह केला नाही, आणि आयुष्यात प्रथमच मला वाटले, की कोणीतरी मला आग्रह करावा. ती स्वतः जेवली की नाही याकडे माझे लक्ष गेले नाही. छातीतल्या त्या घासापलीकडे मला दुसरे काही दिसत नव्हते.

निघताना तिने गडव्यातली आंबील गाळून स्टीलच्या बाटलीत भरली. दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेले दोन उंडे होते, ते तिने शैलाकडे दिले. बाटली माझ्या हातात देत म्हणाली, "पाण्यापरीस ही पी. आन् उतरली का मला कळीव. मी जागीच हाय."

बीडच्या वाटेवर मांजरसुंब्याला आलो तेव्हा सूर्य बुडाला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ढाब्यांचे दिवे लागले होते, तव्यांचा खणखणाट आणि तडक्याचा धूर हवेत होता. शैलाने गाडी कडेला घेतली. छातीतले ओझे कधी ओसरले ते कळले नव्हते, पण ते तिथे नव्हते एवढे खरे. मी बाटलीचे झाकण उघडले. सकाळचा तोच वास, आता गार झालेला. एक घोट तोंडात धरला, खूप वेळ धरला आणि मग सोडला. तो कुठे कुठे थांबला, कुठे वळला, हे मला जाणवत होते. आणि मग तो खाली गेला. मी दुसरा घेतला नाही. माझी छाती झाली नाही.

अक्काला फोन लावला. पहिल्याच घंटीला तिने उचलला.

"उतरली," मी म्हणालो.

तिकडून भांडे ओढल्याचा आवाज आला.

"बरं झालं," ती म्हणाली. "मंग मीबी बसते आता. दोन येळवशी झाल्या, उंड्याला हात लावला न्हाई मी. तू आल्याबिगर कसा लावावा?"

तिने फोन बंद केला नाही, बहुधा तो तसाच शेजारी ठेवला असावा. उंडा मोडल्याचा, कांदा फोडल्याचा, आणि मग सावकाश चावण्याचा आवाज मला ऐकू येत राहिला. शैलाने गाडी सुरू करायला चावीला हात घातला, मी तिला थांबवले. उद्या सकाळी संभाजीनगरला जायचे की नाही, पट्टा सैल करायचा की असाच राहू द्यायचा, यातले मला काहीही ठाऊक नव्हते. मी फोन कानाला लावून बसून होतो, आणि माझी बहीण जेवत होती.