पेटी : अज्ञात

अख्ख्या बंगळुरात माझ्या बायकोच्या मामांहून हट्टी माणूस कुणी दाखवला, तर मी व्हाइटफील्डहून येलहंक्याला चालत जाईन. येलहंक्यातल्या घरात मामा जुन्या तबकड्या जमवतात आणि प्रत्येकीची वहीत नोंद करतात. त्या वहीला ‘गाण्यांची यादी’ म्हणालात की मेलात! “यादी वाण्याची असते. ही डिस्कोग्राफी! डिस्क म्हणजे तबकडी, ग्राफी म्हणजे लिहिणं. दोन्ही शब्द मूळचे ग्रीक. ग्रंथसूचीवाल्यांचा ‘बिब्लिओग्राफी’ शब्द होता, त्याच्या चालीवर हा घडवला. तेव्हा शिस्तही त्यांचीच. कोण गायलं, साथीला कोण, सगळं लिहायचं. पुराव्याशिवाय एक अक्षर नाही.” हे त्यांनी दूधवाल्याला कन्नडमध्ये ऐकवलंय, आणि आमच्या लग्नात, हातात अक्षता असताना, माझ्या आईला मराठीत.

हट्टाची हद्द म्हणजे त्यांच्या वडिलांची तबकडी. वडील, दत्तोबा निपाणीकर, पेटी वाजवायचे. त्यांची साथ एकदाच ध्वनिमुद्रित झाली, पण तबकडीवर नाव फक्त गायिकेचं. म्हणून सख्ख्या मुलाने वहीत लिहिलं, ‘पेटी : अज्ञात’!

“अहो मामा, बाबाच ना तुमचे?”

“आई सांगायची तसं. बाबांना विचारलं तर नुसते हसायचे. हा काय पुरावा झाला?” एवढं बोलून ऐंशीचे मामा वही मिटायचे. ते एक नाव लिहिल्याशिवाय त्यांना मरायचं नव्हतं.

ती तबकडी शेवटपर्यंत वाजवायची नाही, हा त्या घरचा रिवाज. शेवट खराब आहे म्हणत वडील आधीच सुई उचलायचे. मामांनीही जन्मभर उचलली. गेल्या महिन्यात “स्वल्प लक्ष ठेव, जरा, सुई उचल” असं कानडीमिश्रित मराठीत बजावून ते कॉफी आणायला आत गेले. मी कसला उचलतोय! ऑफिसचे मेसेज वाचत बसलो. गाणं संपलं आणि गायिका हसून म्हणाली, “वा, दत्तोबा निपाणीकर! काय पेटी वाजवलीत!”

मामा कॉफीसकट दारात थिजले. “लाजायचे हो बाबा,” म्हणाले आणि ढसाढसा रडले. मग डोळे पुसून, ताठ बसून, शाईने ‘अज्ञात’ खोडलं आणि वळणदार अक्षरात नाव लिहिलं. खरं सांगतो, छाती माझीही फुगली.

आता आल्यागेल्याला ती तबकडी पुरती ऐकावी लागते. फक्त गाणं संपत आलं की सवयीने मामांचा हात सुईकडे जातो, आणि तिथेच थांबतो.