काळ्या गाडीवर कोरडा फडका

आज मंगळवार, सकाळी सात वाजून वीस मिनिटे. इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीच्या सचिवांनी माझी काळी गाडी कोरड्या फडक्याने पुसली.

सोसायटीत पाइपने गाडी धुवायला बंदी आहे. म्हणून पार्किंगमधल्या आंब्याला मोहोर येऊन गाडीवर पराग सांडला की मी कुंड्यांची झारी घेऊन खाली उतरते. पराग खरखरीत असतो. आधी वरून पाणी सोडून तो वाहून जाऊ द्यायचा, मग ओल्या मऊ कापडाने, जोर न लावता टिपायचं. हे मला यांनी शिकवलं. यांना जाऊन चार वर्षं झाली. गाडी त्यांची, आणि कालपर्यंत तिच्यावर एक ओरखडा नव्हता.

पहिली झारी टपावरच संपली. दुसरी भरून खाली आले, तर सचिव घाम पुसत उभे.

"काकू, तुमचे हाल बघवेनात. चकाचक करून टाकली!"

"कोरडीच घासलीत?"

"अहो, फुलांची पूड ती. वाळू थोडीच आहे?"

ऊन आलं आणि बॉनेटभर बारीक गोल रेघा दिसल्या. भरलेली झारी मी तिथेच खाली ठेवली. आता कशासाठी ओतायची?

मंडळी, न मागितलेल्या मदतीची तक्रार कुणाकडे करायची असते? आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर चुकणाऱ्याकडून चूक लिहून घेत. सचिवसाहेब, पुन्हा माझ्या गाडीला हात लावणार नाही, एवढं लिहून द्या. रेघा त्याने जाणार नाहीत, ठाऊक आहे. तरी शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत, लेखी आणि सहीनिशी.