आबा परबांचा पाऊस

आभाळ भरून आलं की आमच्या परळच्या चाळीत बायका कपडे आत घ्यायला धावायच्या आणि शेजारचे आबा परब नेमके तेव्हाच बाहेर पडायचे. मेणकापडात गुंडाळलेला कॅमेरा पोटाशी, छत्री मानेत अडकवलेली. आठवडाभर गिरगावातल्या स्टुडिओत रंगवलेल्या तलावाच्या पडद्यापुढे लग्नाळू मुलींचे फोटो काढायचे आणि सुट्टीच्या दिवशी शिवडीच्या खाडीवर पावसाचे. दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांचे. मी वैतागून म्हणायचो, "आबा, सगळी मुंबई रस्त्यावर आहे, तिचे फोटो काढा." त्यांचं उत्तर ठरलेलं, "माणसांचे फोटो काढूक मोप जणा असत. ढगांचे कोण काढतलो?"

एकदा हट्टानं मी त्यांच्याबरोबर गेलो. पाऊस कोसळत होता आणि हा गृहस्थ कॅमेरा न उघडता ढिम्म उभा. मी कुडकुडत कुरकुर केली.

"पाऊस असोच दिसणा नाय रे," ते म्हणाले. "तेच्या पाठी कायतरी काळा व्हया."

भिजून काळं पडलेलं एक गलबत समोर आलं, तेव्हा कुठे त्यांनी बटण दाबलं.

पुढच्या पावसाळ्यात त्याच चिखलात ते घसरले. हात टेकले असते तर निभावलं असतं, पण यांनी दोन्ही हातांनी कॅमेरा वर धरला आणि खुबा मोडून घेतला. मी रागावलो तर म्हणाले, "हाड डॉक्टर जोडतलो. कॅमेरो कोण जोडतलो?" हाड काही नीट जुळलं नाही. तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरणं कायमचं संपलं. उरली खोली, खाट आणि खिडकी. समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून खाडीची एक पट्टी दिसायची. तेवढ्यावर आबा दिवस काढत होते.

मग त्या फटीपुढे, अगदी खिडकीसमोर, गोदाम उभं राहू लागलं. भिंत चढत गेली तसे आबा बोलेनासे झाले. त्यांची बायको, आमच्या काकी, खिडकी लावायला उठल्या की म्हणायचे, "ऱ्हवांदे. बघतंय." मला त्या खोलीत बसवेना. शेवटी पट्टी दिसेनाशी झाली आणि पावसाळ्याच्या तोंडावर गोदामवाल्यांनी भिंतीला डांबर फासलं. खिडकीभर नुसतं काळं.

आषाढातल्या एका दुपारी काकींनी मधल्या भिंतीवर थाप मारून मला बोलावलं. आबा खाटेवर उशीला टेकून बसले होते, हातात कॅमेरा. बाहेर त्या डांबरावर पावसाची एकेक धार सुटी दिसत होती.

"काळा व्हया होता ना," आबा म्हणाले. "घरपोच इला बघ."

काकी हसल्या. आबा हसले नाहीत. त्यांनी बटण दाबलं आणि कॅमेरा माझ्या हाती दिला.

पुढचा पावसाळा त्यांनी पाहिला नाही. तो फोटो काकींनी मला दिला, तो आता माझ्या बैठकीच्या खोलीत आहे. येणारा जाणारा म्हणतो, काय सुंदर पाऊस आहे. मला त्यात अजून भिंतच दिसते.