काळ्या गाडीवरचे पांढरे डाग

लवू घाबरट आहे, असं कुंभारमाठच्या रस्त्यावर कोणीही सांगेल. सांगणाऱ्यांतले निम्मे बाबलीशेठची गाडी दिसली की विडी पाठीमागे लपवतात, ते सोडा.

लवू आधी देवगडला होड्या रंगवायचा. मग म्हापशाच्या एका गॅरेजात राहून गाड्यांना मशीनने पॉलिश करायला शिकला आणि बायकोला, यशोदाला, घेऊन इथे आला. रस्त्याकडेला पत्र्याचं शेड घातलं. शेड रस्त्याच्या हद्दीत येतं, हे त्यालाही ठाऊक आहे. शेजारची पानटपरीही हद्दीतच होती. टपरीवाल्याचं बाबलीशेठच्या माणसाशी वाजलं आणि दुसऱ्या दिवशी तिथे नुसता सिमेंटचा ओटा उरला. नोटीस नाही, पंचनामा नाही. मी त्या टपरीवरचा रोजचा माणूस, म्हणून ओरोसच्या जिल्हा कचेरीत जाऊन अर्ज दिला. साहेबांनी खुर्ची दिली, चहा दिला, टपरी काही दिली नाही. शेठचा धंदा वाळूचा, आणि वाळू कुठे कुठे पोचते ते मी सांगायला नको. तेव्हापासून लवू शेठचं नाव घेताना आवाज खाली आणतो.

त्या शेठची काळी गाडी एका सकाळी लवूच्या दारात उभी राहिली. ड्रायव्हर महादू घेऊन आला होता. मी तिथेच बाकड्यावर होतो. बॉनेटपासून डिकीपर्यंत गाडीवर पांढरे डाग, वर पांढुरकी साय धरलेली. शेठने खाडीकाठच्या नव्या बंगल्यात बोअर मारलीय. तिचं जड पाणी बागेवर फवारतात, ते गाडीवरही उडतं. उन्हाने पाणी जातं, क्षार रंगाला चिकटून राहतात, आणि धुऊन काही निघत नाहीत. महादूने निरोप सांगितला. संध्याकाळी शेठच्या मुलीचा साखरपुडा आहे, तोवर गाडी आरशासारखी हवी.

यशोदाने आतूनच मान हलवून नको म्हटलं. पण शेठला नको म्हणायचं तर डोक्यावरच्या पत्र्यालाही नको म्हणायची तयारी लागते.

लवूने गाडी सावलीत घेतली, धुतली, कडांना चिकटपट्टी लावली. पॅडवर पॉलिशचं कंपाउंड घेऊन बॉनेटच्या एका कोपऱ्यात मशीन फिरवलं. डाग गेले. त्याचा चेहरा जरा सैल झाला. हातभर पुढे सरकला आणि त्याने मशीन बंद केलं. पांढऱ्या सायीखालून चरे वर आले होते. अख्खं बॉनेट आडवंउभं खरवडलेलं.

त्याने एका चऱ्यावरून नख फिरवलं. नख अडकलं. मशीन रंगावरचा पारदर्शक थर किंचित झिजवूनच चमक आणतं. एवढा खोल चरा काढायला गेलं तर तो थरच संपतो आणि खालचा रंग उडतो. थांबलं तर चरे राहतात, आणि बघणारा म्हणणार, मशीनने पाडले. लवू खाली बसला.

“महादू, गाडी कशान घासलंस?”

महादू आधी घासलीच नाही म्हणत राहिला. मग रस्त्याकडे बघत हळूच बोलला. शेठच्या आई देवाच्या समया आमसुलांच्या कोळाने आणि नारळाच्या सोडणाने, वरच्या काथ्याने, घासतात. साखरपुड्याला डागाळलेली गाडी दारात नको म्हणून त्यांनीच महादूच्या हातात कोळ आणि सोडण दिलं आणि समोर उभं राहून बॉनेट घासून घेतलं. डाग थोडे विरले, काथ्याने रंग मात्र ओरबाडला.

“मग शेठाक सांग,” लवू म्हणाला.

“काय सांगू? तुझ्या आवशीन गाडी खराब केल्यान म्हणून? तूच सांग.”

“माझा शेड रस्त्यात आसा रे.”

“आणि माझी नोकरी खंय आसा? देवळात?”

माझं डोकं तापलं. मी सांगतो म्हणून उठलो, तर लवूने हात जोडले. “दादानू, तुमी गप रवा. तुमी बोललास तर शेड आजच जातला.” खरं होतं ते. मी दात खात बसलो.

लवूने बाकीची गाडी मऊ पॅडने, हलक्या हाताने केली. दर थोड्या वेळाने मशीन थांबवून उलटा हात गाडीच्या पत्र्यावर ठेवून बघायचा, तापला तर नाही ना. बॉनेटवरचे डाग काढले आणि चरे तसेच ठेवले. यशोदा रस्त्याकडे कान देऊन उभी होती.

दुपारी शेठ स्वतः आला. गाडीभोवती एक फेरी मारली, खूश दिसला. मग बॉनेटवर वाकला.

“ह्ये चरे कोणी पाडल्यान?”

“गाडी इली तेवा होते, शेठ.”

“म्हणजे महादून?”

शेठ महादूकडे वळला. महादूने शेडचा खांब धरला होता. लवूने नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. शेड वाचलं असतं, महादू गेला असता. मी लवूच्या मानेकडे बघत होतो. ती हलली नाही.

“महादून सांगलेला केल्यान,” लवू म्हणाला. आवाज पार बसला होता. “आईनी समई घासतत तशी घासूक लावल्यानी.”

शेठने फोन काढला. “आये, गाडी...” एवढंच त्याला बोलता आलं. पलीकडून म्हातारी रस्त्यापर्यंत ऐकू येईल अशी कडाडली.

“होय, मियांच घासूक सांगलंय! पाया पडाक आये व्हयी, आणि गाडयेक हात लावलो तर इचारतस?”

“बरा, बरा,” म्हणत शेठने फोन खिशात टाकला. कोणी हसलं नाही. मला हसू आलं होतं, मी खाली वाकून चपलेचा पट्टा चाचपला. शेठला बोलणी बसताना आम्ही चौघांनी ऐकलं होतं, आणि ते त्याने आमच्या तोंडावर नीट वाचलं. शेवटी त्याने मान वर करून शेडच्या पत्र्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग गाडीत बसला. महादूने गाडी काढली.

लवू तिथेच उभा. “सांगूक नको होता काय गो?”

“सांगलंस ता बरा केलंस,” यशोदा म्हणाली आणि पॅड गोळा करायला लागली. “आता मशीन पिशयेत भर.”

शेड अजून आहे, महादूची नोकरीही. पण त्या दिवसापासून मशीन शेडमध्ये राहत नाही. संध्याकाळी दोघं ते घरी नेतात. सकाळी यशोदा वळणापर्यंत एकटी पुढे जाते. शेड जागेवर दिसलं की मागे हात करते, आणि मग लवू मशीन खांद्यावर घेऊन चालायला लागतो.