चित्रातलं बाळ सोबत मिळणार नाही

प्रत्येक घरात पिशव्यांची एक पिशवी असते. त्यातली एकही पिशवी कुणी मुद्दाम जमवलेली नसते, पण कपाट उघडलं की सगळ्या अंगावर येतात. आमच्या ऑफिसातल्या किश्श्यांचं तसंच आहे. एक सांगायला घ्यावा, तर मागून चार बाहेर पडतात.

ऑफिस अंधेरी ईस्टला, एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. खाली पॅकिंग, वर आम्ही. डांबरगोळ्या, पायपुसणी, टाइल्स क्लीनर असल्या सटरफटर वस्तू आम्ही विकतो. मी लेबलांची प्रुफं तपासते. माझ्या शेजारी तावडे, तो तक्रारींचे फोन घेतो. आणि केबिनमध्ये साहेब.

साहेबांचा नियम एकच. "एक तक्रार, एक सूचना!" म्हणजे गिऱ्हाइकाने काही उद्योग केला, की पुढच्या लॉटच्या लेबलवर 'असे करू नये' अशी एक ओळ चढते. वस्तू सुधारायची नाही, ओळ वाढवायची!

*

सुरुवात डांबरगोळ्यांपासून झाली. पार्ल्याचे एक रिटायर्ड काका पाकीट घेऊन थेट ऑफिसात आले.

"यावर 'खाऊ नये' असं कुठेही लिहिलेलं नाही."

तावडे दचकला. "काका, खाल्ली की काय?"

"मी कशाला खाऊ? मला डायबिटीस आहे! पण लिहिलेलं नाही, हा मुद्दा आहे."

ओळ चढली, 'खाण्यासाठी नाही.' महिन्याभरात काका पुन्हा हजर.

"लिहिलंत, उत्तम. पण झुरळांनी खायचं की नाही, हे स्पष्ट होत नाही."

आम्ही त्यांना चहा दिला. कपावर काहीच लिहिलेलं नव्हतं, तरी प्यायले.

*

मग दिवाळीला आम्ही बॅटरीवरची पणती काढली. मुलुंडहून एका बाईंचा फोन आला.

"पणती बंद पडली हो तुमची!"

"सेल बदलून बघितलात का?" तावडे म्हणाला.

"सेल कशाला? तेल भरपूर आहे की!"

तावड्याने कपाळाला हात लावला. मग शांतपणे समजावलं, की मॅडम, ही सेलवर चालते, हिला तेल लागत नाही.

"म्हणजे देवापुढे कोरडी पणती ठेवू? बरं दिसतं का ते?"

खरं सांगायचं तर मला त्या बाईंचं पटलं. पण नियम म्हणजे नियम. ओळ चढली, 'पणतीत तेल घालू नये.' आठवडा झाला नाही तोच दुसऱ्या एकीचा फोन.

"तूप चालेल ना?"

*

सुरीचं तर विचारूच नका. पाकिटावर लाल अक्षरात 'सावधान! अत्यंत धारदार!' चेंबूरच्या एका गृहस्थांनी सुरी परत पाठवली, सोबत चिठ्ठी. 'हिने टोमॅटोसुद्धा कापला जात नाही. सावधान नक्की कोणी राहायचं?'

मी ती चिठ्ठी साहेबांसमोर ठेवली. "सर, धार लावून घेऊया की."

"नको," साहेब म्हणाले. "मग कोणाचं बोट कापलं म्हणजे?"

*

बाथरूमच्या पायपुसण्याची कोणीतरी तक्रार केली, की ओलं झालं की सरकतं. तक्रार अगदी रास्त होती. पुढच्या लॉटवर ओळ आली, 'पाण्यापासून दूर ठेवावे.'

बाथरूमचं पायपुसणं! पाण्यापासून दूर!

"मग काय, आंघोळ करून हॉलमध्ये जाऊन पाय पुसायचे?" तावडे भडकला.

तेव्हा खालून बिल घेऊन आलेल्या कुंदाताई म्हणाल्या, "माझां मी शोकेसमदी ठेवलंय. नुसतां बघूचां, हात कोणी लावूचो नाय."

*

कुंदाताई म्हणजे आमच्या पॅकिंगच्या मुकादम. मूळच्या मालवणच्या, राहायला घाटकोपरला. सगळ्यांना अरे-तुरे करणार आणि सगळ्यांच्या डब्यात स्वतःची सुकट वाढणार.

गेल्या वर्षी त्यांनी घरच्या बाथरूममध्ये आपलाच टाइल्स क्लीनर ओतला. डाग निघेना, म्हणून वर ब्लीच टाकलं. दार लावलेलं, खिडकी वीतभर उघडी. दोन मिनिटांत असा काही वायू उठला की त्या तिथेच कोसळल्या. शेजारणीने दार ठोठावलं म्हणून वाचल्या. आठवडाभर हॉस्पिटलात होत्या. आजही ऑफिसचा जिना चढताना मध्ये थांबतात, आणि थांबल्याचं कळू नये म्हणून पदर नीट करतात. मला ते बघवत नाही.

कामावर परत आल्या त्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"माका दुसरां काय नको गो. पणतीत त्याल घालू नको म्हणान लिवतास, मगे ह्यां पण लिवा. एक वळ."

मी लिहून घेतलं. 'दुसऱ्या कशात मिसळू नये. दार-खिडकी उघडी ठेवावी. जीव घुसमटतो.' शेवटचे दोन शब्द लेबलच्या भाषेत बसत नव्हते, म्हणून मी खोडायला गेले. त्यांनी माझा हात धरला.

"ता ऱ्हवांदे. माझोच घुसमटललो."

साहेबांनी वाचलं आणि कागद परत दिला. "स्टाफची तक्रार ही तक्रार धरत नाहीत. गिऱ्हाइकाची लागते."

*

तावड्याचं डोकं अशा वेळी झकास चालतं. त्याने खाली जाऊन कुंदाताईंना सांगितलं, की आत्ता माझ्या तक्रारीच्या नंबरवर फोन लावा. आमच्या मजल्यावरून काचेतून पॅकिंग दिसतं. त्या खालून फोन लावून वर बघतायत, हा वरून फोन घेऊन खाली बघतोय!

"नमस्कार मॅडम, आपलं नाव?"

"कुंदा."

"आडनाव?"

"तुका म्हायत नाय?"

"मॅडम, विचारावं लागतं. आपण आमचं प्रॉडक्ट कुठे वापरलंत?"

"घरात रे! मेल्या, डब्यातली सुकट खाताना बरी वळख होती!"

तरीही रीतसर तक्रार नोंदवली गेली. आता नियमाने ओळ चढायलाच हवी होती. साहेबांनी लाल पेनाने ती काट मारून खोडली.

"'जीव घुसमटतो' वाचून बाटली कोण उचलेल? लोक घाबरतील. आणि लेबलवर जागा कुठाय?"

पुढच्या प्रुफात मी अक्षरं बारीक करून ती ओळ पुन्हा घातली. "जागा कुठाय?" त्यापुढच्या प्रुफात, बाटलीसोबत आंघोळीचा मग फुकट देतो, त्याचं चित्र लहान केलं. "जागा कुठाय?"

तिन्ही वेळा तेच. दर वेळी मी खाली जाऊन कुंदाताईंना सांगायचं आणि त्यांनी "ऱ्हवांदे गो" म्हणायचं. माझी मान वर होत नसे.

*

त्याच लेबलवर एक गुटगुटीत बाळ आहे, चकचकीत टाइल्सवर रांगणारं. कोणा विनोदवीराने तक्रार पाठवली, 'बाटली मिळाली, मग मिळाला, बाळ आलं नाही.'

आम्ही पोट धरून हसलो. साहेब हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी प्रुफावर त्यांच्या हातची ओळ होती, ठळक अक्षरात. 'चित्रातील बाळ उत्पादनासोबत मिळणार नाही.'

मी विचारलं, "सर, याला जागा?"

"करा थोडी."

आणि मी केली. नोकरी होती ना!

*

परवा साहेबांनी मुलुंडला नवा फ्लॅट घेतला. सत्यनारायणाला अख्खा स्टाफ. साहेब सोवळ्यात, हॉलभर पाहुणे, साजूक तुपाचा वास. कुंदाताई पाय धुवायला आत गेल्या त्या येईनात. उठून बघते तर त्या बाथरूमच्या दारात उभ्या होत्या, अगदी धडधाकट.

"हय ये गो. माका चष्मो नाय. वाच जरा."

फळीवर आमचा टाइल्स क्लीनर होता. रांगणारं बाळ दिसत नव्हतं, कारण त्याच्यावर एक पांढरा कागद सेलोटेपने चारी बाजूंनी पक्का चिकटवला होता. अक्षर मी ओळखलं. लाल पेनही ओळखलं. मी वाचून दाखवलं.

'दुसऱ्या कशात मिसळू नये. दार-खिडकी उघडी ठेवावी. जीव घुसमटतो.'

कुंदाताईंनी मला पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग बाटली उचलली, पदराने पुसली आणि थेट हॉलमध्ये गेल्या. साहेब प्रसाद वाटत होते. त्यांच्यासमोर, सगळ्या पाहुण्यांच्या मधोमध, बाटली दोन्ही हातांनी उंच धरून म्हणाल्या,

"साहेबानू, जागा गावली!"