नंदाचा दात

डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटर लावला आणि पडद्यावर नंदाचे दात उमटले. सगळे पांढरे, आणि पुढचा एक निळा. तो नवा, कॉम्प्युटरवरच घडवलेला. त्याच्या नि शेजारच्या दाताच्या मध्ये बारीकशी फट होती, तिच्या पडलेल्या दाताशेजारी असायची तशीच.

सकाळी दवाखान्यातून फोन आला होता, "काकूंचा दात तयार आहे, बसवायला घेऊन या." हिरडीत स्क्रू बसवून झाला होता. तोंडात लहानसा कॅमेरा फिरवून मापंही घेतली होती. त्यानंतर चौथ्या दिवशी नंदा गेली, दुपारी निजली ती उठलीच नाही. हे फोनवर सांगवेना, म्हणून मी स्वतः आलो.

ऐकून बाईंनी पडद्यावरच्या त्या फटीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "काका, मी ती फट बुजवणार होते. काकू म्हणाल्या, राहू दे, ह्यांना आवडते."

आवडायची खरीच. पण चाळीस वर्षांत मी तसं एकदाही बोललो नव्हतो. तिनं ते कुठून ओळखलं असेल? आपलं माणूस आपल्याला न सांगता वाचत असतं, आणि त्याला ते कळलंय, हे आपल्याला असं परक्या खोलीत, परक्याच्या तोंडून कळतं.

"फाईल काढून टाकू का, काका?" बाईंनी हळूच विचारलं.

"आज नको," मी म्हणालो. "थोडा वेळ बसू का इथं?"

त्या दुसऱ्या पेशंटकडे गेल्या. जाताना पडदा त्यांनी बंद केला नाही.